गिरणीच्या हजेरीपटावरील स्त्रिया

लोअर परळच्या रेल्वेमार्गाच्या दोहों अंगांस, आज जेथे सेनापती बापट मार्ग आणि ना. म. जोशी मार्ग यांच्या कडेने काचेच्या इमारती दाटीने उभ्या आहेत, तेथे फिनिक्स, कमला, मथुरादास या आणि अशा कितीतरी गिरण्या नांदत होत्या. आणि त्या गिरण्यांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक सारे साचेखात्यातील विणकरांचे, संपांच्या पुढाऱ्यांचे आणि गिरण्या काढणाऱ्या शेटियांचे चरित्र आहे. ते स्वाभाविकही होते. साचेखाते हे गिरणीतील मानाचे खाते. तेथल्या विणकराचा पगार इतरांहून अधिक आणि संपाच्या वेळी त्याचा शब्द पहिला. परंतु त्याच गिरणीत रीळ आणि वाइंडिंग ही दोन खाती अशी होती की जेथे बहुतेक कामगार स्त्रिया असत, त्यांच्यावर देखरेख ठेवणारी नायकीणही स्त्रीच असे, आणि या दोन खात्यांचे भाग्य शांघायचा बाजारभाव, ओसाकाच्या गिरण्यांतील पाळ्या आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी यांच्याशी इतके निगडित होते की लालबाग-परळकडे पाहून त्याचा उलगडा कधीच व्हायचा नाही. गिरणगावातील बाईचे काम कसे आले, कसे टिकले आणि कसे गेले, याची कारणे आपण फार करून तिच्या घरात, तिच्या रूढींत आणि तिच्या चाळीत शोधत आलो. ती कारणे समुद्रापलीकडच्या बाजारांत अधिक सापडतात, अशी माझी धारणा आहे, आणि ती येथे सविस्तर मांडावयाची आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढून ताडदेवला उभारलेली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढल्या चाळीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांनी जो पसारा वाढवला तो मुख्यतः कापड विणून नव्हे, सूत विकून वाढवला. आणि हे सूत घेणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन होता. तेथील हातमागवाल्याला जाडेभरडे, दहा ते वीस नंबरचे स्वस्त सूत हवे होते, आणि ते त्याला मुंबईइतक्या कमी दरात तेव्हा दुसरीकडून मिळत नव्हते. परंतु त्राशनखात्यातील, म्हणजे कताईच्या खात्यातील, चात्यांवरून उतरलेले सूत तसेच्या तसे जहाजावर चढवता येत नाही. ते बॉबिनवरून सोडवून, मोजून, लडींत बांधून आणि गाठोड्यांत दाबून पाठवावे लागते. हे सोडवण्याचे आणि मोजण्याचे काम फाळक्यावर होई, आणि फाळके जेथे फिरत ते रीळखाते बायकांचे.

हे काम कसे चाले ते जवळून पाहण्याजोगे आहे. फाळक्याचा घेर दीड वार. त्याचे ८० फेरे झाले की १२० वार सूत गुंडाळले जाई, आणि असे सात वेळा झाले म्हणजे ८४० वारांची एक लड पुरी होई. सामान्यतः चाळीस बॉबिनी ओळीने लावून चाळीस लडी एकदम भरत आणि त्या चाळीसांपैकी एक जरी धागा तुटला तरी फाळका थांबवून, हरवलेले टोक शोधून, गाठ मारून पुन्हा चालू करावा लागे. ती गाठ जाड झाली तर चिनी विणकराच्या फणीत अडकणार, आणि तिची तक्रार अनेक हात फिरून शेवटी गिरणीच्या दप्तरात येऊन थडकणार. वीस नंबरच्या सुताच्या वीस लडी एका पौंडात बसत. चारशे पौंडांचा एक गठ्ठा धरला, तर त्यात आठ हजार लडी, म्हणजे ३,८०० मैलांहून अधिक लांबीचे सूत, आणि त्यातील प्रत्येक वार कोणा ना कोणा बाईच्या नजरेखालून गेलेला. हे काम उक्ते होते. जितक्या लडी उतरतील तितके पैसे. धागा तुटल्याने गेलेला वेळ बाईचा, सूत वाईट निघाले तर खोटी तिची, आणि मालात दोष निघाला तर दंडही तिच्याच पगारातून.

या बायका कोण होत्या? कोकणातून आलेला बहुसंख्य कामगार बायकोला रत्नागिरीकडे, शेताच्या तुकड्यावर आणि सासूच्या हवाली ठेवून एकटाच मुंबईत येई, आणि त्यामुळे या शहरात पुरुषांच्या मानाने स्त्रियांची संख्या दीर्घकाळ फारच थोडी राहिली. गिरणीत कामाला येणाऱ्या स्त्रिया घाटावरून, दुष्काळाच्या मागे लागलेल्या कुटुंबांबरोबर आलेल्या अधिक. त्यांतही विधवा, परित्यक्ता, किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात महिना न निभणाऱ्या. त्यांना कामावर घेणारी आणि काढणारी नायकीण. तिच्या हाती बदलीची जागा, तिच्या हाती रजा, आणि तिची दस्तुरी चुकली तर उद्याच्या हजेरीत नाव नाही. पुरुषांच्या खात्यात मुकादम जे करी तेच ती बायकांच्या खात्यात करी. तिच्याविषयी पुष्कळ कडू बोलले गेले आहे, आणि त्यातील बरेचसे खरेही असावे. तथापि एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की गिरणीच्या संपूर्ण अधिकारमालिकेत स्त्रीला मोकळी असलेली वरची पायरी ही एकच होती.

सरकारने या स्त्रियांकडे प्रथम पाहिले ते लँकेशायरच्या डोळ्यांनी. मुंबईच्या गिरण्या हलक्या मजुरीवर, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बायका-मुलांना राबवतात, ही तक्रार इंग्लंडातील गिरणीवाल्यांनी लावून धरली. त्यांच्या करुणेत हिंदुस्थानची बाजारपेठ हातची जाण्याचे भय मिसळलेले होते हे तेव्हाही सर्वांना दिसत होते. ज्या लँकेशायरने मुंबईच्या मुलांसाठी अश्रू ढाळले, त्याच लँकेशायरच्या आग्रहाने १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्क्यांची जकात बसली, हे विसरता येत नाही. पण म्हणून कायद्याची गरज खोटी ठरत नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखा मुंबईकर गृहस्थ स्वतःच्या बुद्धीने आणि कळवळ्याने कारखान्याच्या कायद्यासाठी झटत होता. १८८१ चा पहिला कायदा केवळ मुलांपुरता झाला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, त्यात दीड तास विश्रांती सक्तीची केली, आणि रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात त्यांना कामावर ठेवण्यास सामान्यतः मनाई केली. पुरुषांच्या तासांना मात्र पुढची वीस वर्षे कोणतीच मर्यादा नव्हती.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि ‘दीनबंधू’मधून गिरणीतील मजुराची बाजू सातत्याने मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर त्यांनी भरवलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगार उठून बोलल्या. ज्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रीने सभेत पुरुषांपुढे तोंड उघडणे हाच अनाचार समजला जाई, त्या काळात या दोघी दहा हजार माणसांपुढे उभ्या राहून रविवारची सुटी मागत होत्या. ती सुटी त्याच वर्षाच्या जूनमध्ये गिरणीमालकांनी मान्य केली. महाराष्ट्राच्या स्त्रीसुधारणेच्या इतिहासात या सभेला अद्याप तिचे योग्य स्थान मिळालेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यानंतर लौकरच चीनचा बाजार हातून निसटू लागला. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने रुपयाच्या मुक्त टांकसाळी बंद केल्या. त्यामुळे रुपयाचा भाव चांदीच्या भावापासून तुटला, चांदीत व्यवहार करणाऱ्या चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत एका रात्रीत महाग झाले, आणि तोवर चांदीवरच चाललेल्या जपानला मात्र तीच गोष्ट लाभाची ठरली. त्याच १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी एका जपानी जहाज कंपनीच्या साह्याने मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली. तिचा हेतू मुंबईचे सूत स्वस्तात पूर्वेला पाठवण्याचा होता. पण जी जहाजे पूर्वेला जात त्यांतून वऱ्हाड-खानदेशचा कापूसही जाऊ लागला, आणि ओसाकाच्या नव्या गिरण्यांना तोच कापूस हवा होता. पुढे १८९६ च्या प्लेगने मुंबईतील कामगार गावोगाव पांगले आणि गिरण्यांचे हात आखडले, ते निराळेच.

मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. वऱ्हाडातील बाईने वेचलेला, जिनातील बाईने सरकी काढताना हाताळलेला एकच कापूस एका वाटेने परळच्या रीळखात्यातील बाईपर्यंत पोहोचत होता आणि दुसऱ्या वाटेने ओसाकातील कोवळ्या मुलीपर्यंत. आणि या साऱ्या बायका एकमेकींना न पाहता एकमेकींच्या मजुरीचा दर ठरवीत होत्या. जपानी गिरणीवाल्यांनी खेड्यांतील अविवाहित मुली, त्यांच्या बापांना आगाऊ उचल देऊन, करार करून आणल्या. त्यांना गिरणीच्याच आवारातील वसतिगृहांत ठेवले, आणि दिवसा व रात्री अशा दोन पाळ्यांत त्यांना चात्यांवर उभे केले. मुंबईत चात्यांवर पुरुष होते. स्त्रिया कताईनंतरच्या कामांत होत्या, प्रौढ होत्या, लेकुरवाळ्या होत्या, आणि सायंकाळी चुलीपाशी परतणाऱ्या होत्या. ओसाकाच्या मुलीची रात्र आणि परळच्या बाईचा दिवस अशी ही स्पर्धा होती. पहिल्या महायुद्धापर्यंत चीनचा सुताचा बाजार मुंबईच्या हातून जवळजवळ गेला. गिरण्यांनी आपले सूत आपल्याच साच्यांवर विणून देशात कापड विकण्याचा मार्ग धरला. स्वदेशीच्या चळवळीने त्याला हात दिला. परंतु जे सूत गिरणीबाहेर जायचेच नाही त्याच्या लडी कशाला हव्यात? रीळखाते आकसले. फाळक्यावरील बायकांपैकी काही वाइंडिंगला, म्हणजे साच्यांसाठी सूत गुंडाळण्याच्या कामाला, गेल्या, काही घरी.

१९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, आणि त्यांच्या मुलांची स्थिती हा एकाएकी चर्चेचा विषय झाला. १९२१ मध्ये शहरातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६६६ नोंदले गेले. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे, म्हणून हा आकडा फुगलेला आहे हे खरे. पण कितीही कमी धरला तरी तो भयंकर आहे. १९२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने गिरण्या आणि चाळी पाहून जे लिहिले त्यात असे आढळते की गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात होती. आई सकाळी बाळाला अफूची गोळी चाटवून निघे, म्हणजे ते सायंकाळपर्यंत गुंगीत राही. हे वाचून आयांच्या अज्ञानाविषयी बोलणे सोपे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, म्हातारी सासू गावी असताना, शेजारणीचीही पाळी असताना, दहा-दहा तास भुकेल्या मुलाला कोणी सांभाळायचे, याचे उत्तर त्या बाईला कोणी दिलेले नव्हते. गिरणीजवळ पाळणाघर असावे ही कल्पना काही मोजक्या गिरण्यांनी अंगीकारली. पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर तिची सक्ती व्हायला १९४८ उजाडावे लागले.

ज्यांच्या नावाने आज डिलाइल रोड ओळखला जातो त्या ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिकाळातील भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. चार वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळात तशाच विधेयकावर चर्चा झाली तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना जो युक्तिवाद केला तो या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी जाणारा होता. मालक पुरुषाऐवजी स्त्रीला काही कामांवर ठेवतो ते त्यात त्याचा विशेष लाभ होतो म्हणून. तेव्हा त्या लाभाबरोबर येणारा भार निदान काही अंशी तरी त्याने उचलला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. १९२९ मध्ये कायदा झाला, आणि बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रीला रोज आठ आणे भत्ता मिळू लागला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

पुढील काळात असे म्हणण्याची एक पद्धतच पडली की या हितकारक कायद्यांनीच बाईला गिरणीबाहेर काढले. भत्ता आला, पाळणाघर आले, रात्रपाळीची बंदी आली, आणि मालकाला बाई परवडेनाशी झाली. त्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, परंतु ते कार्याला कारण समजणारे आहे. बाई स्वस्त आहे एवढ्याच कारणाने ज्याने तिला ठेवले होते, त्याने ती इतरांइतकी महाग होताच तिला सोडले. यात दोष महागाईचा नसून त्या मूळ कारणाचा आहे. आंबेडकरांनी नेमके त्याच कारणावर बोट ठेवले होते.

रात्रपाळीचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालण्याचा ठराव झाला. हिंदुस्थानने तो १९२१ मध्ये मान्य केला. जपानच्या गिरण्यांत स्त्रिया रात्री काम करीतच राहिल्या, आणि १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डापुढे मुंबईच्या गिरणीमालकांची मुख्य फिर्याद हीच होती की आम्ही कायदा पाळतो आणि तो न पाळणाऱ्यांचे कापड आमच्या बाजारात आमच्याहून स्वस्त विकले जाते. ही फिर्याद बोर्डालाही बरीचशी पटली. जपानने ती प्रथा १९२९ मध्ये बंद केली. पण तोवर मुंबईच्या मालकांनी उत्तर शोधले होते: कमी माणसांत अधिक काम. एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे, त्राशनवाल्याकडे एकीऐवजी दोन बाजू. वाइंडिंगमध्ये जलदगती यंत्रे, म्हणजे पूर्वी जेथे कितीतरी बायका बसत तेथे आता थोड्या पुरत. त्यातच गिरण्या दोन-दोन, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीत तीन-तीन पाळ्या चालवू लागल्या. सायंकाळी सातनंतर बाईला कामावर ठेवण्याची सोय नाही. मग जे खाते मध्यरात्रीपर्यंत चालवायचे तेथे पुरुष घेतलेला बरा, असा हिशेब मुनीमजींनी मांडला. महायुद्ध सुरू होताना स्त्रियांचा हिस्सा सुमारे सातवा उरला होता. १९७० नंतरच्या दशकात तो शेकडा पाचांच्या आत आला. कोणत्याही एका दिवशी बायकांना गिरणीतून काढले असे झाले नाही. निवृत्त झालेल्या बाईच्या जागी दुसरी बाई घेतली गेली नाही, इतकेच.

बायकांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र समजू नये. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ हा जो सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, ज्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्यात वाइंडिंग खात्यातील स्त्रियांनी फाटकांवर पहारे दिले, मोर्चे काढले, नायकिणींच्या दस्तुरीविरुद्ध आवाज उठवला. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी या स्त्रियांत वर्षानुवर्षे काम केले, आणि दोघींनीही आपल्या हकिगती मागे ठेवल्या आहेत. गिरणगावातील बाईला काय वाटत होते हे सरकारी अहवालांत नाही, ते या दोन पुस्तकांत आहे. आणखी एका बाईचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. कवी नारायण सुर्वे यांना तान्हे असताना उचलून आणणारे गंगाराम सुर्वे इंडिया वुलन मिलमध्ये कामाला होते आणि त्यांची पत्नी काशीबाई लोअर परळच्या कमला मिलमध्ये, वाइंडिंगला. दुसऱ्याचे पोर आपले म्हणून वाढवण्याइतकी ऐपत त्या घराला आली ती दोन पगारांमुळे. ज्या वर्षांत मालक बायकांच्या जागा कमी करीत होते त्याच वर्षांत काशीबाईंच्या पगाराने मराठी भाषेला एक कवी राखून ठेवला.

गिरणीतून बाई गेली तरी गिरणगावाच्या अर्थव्यवहारातून ती गेली नाही. तिचे काम फाटकाच्या बाहेर आले. कोकणातील ज्या एकट्या पुरुषांचा उल्लेख वर आला आहे, त्यांना दोन वेळा जेवू घालणारी खानावळवाली ही डिलाइल रोडपासून लालबागपर्यंत प्रत्येक चाळीत होती. मुंबई विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील एका खोलीत आठ-दहा, कधी त्याहून अधिक गडी पाळीपाळीने झोपत. त्यांच्या डब्यांसाठी ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापू लागे, कारण पहिल्या पाळीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे. पैसे महिन्याच्या पगारावर, तेही मागाहून; वाणसामान मात्र रोजचे, आणि मधले अंतर भरून काढायला सावकार. तिला हजेरीपट नव्हता, रजा नव्हती, बोनस नव्हता. वस्तुतः गिरणीकामगाराचा पगार मालकाला इतक्या कमीवर ठेवता येत होता तो गावी शेत कसणाऱ्या त्याच्या बायकोमुळे आणि येथे त्याला उधारीवर जेवू घालणाऱ्या या बाईमुळे. मुंबईचे कापड जगाच्या बाजारात ज्या दराने उतरे त्या दरात या दोघींची फुकट किंवा जवळजवळ फुकट मेहनत धरलेली होती. १९७४ च्या ४२ दिवसांच्या संपात खानावळवाल्यांनीच संपकऱ्यांना उधारीवर जगवले, आणि त्यानंतर प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. खानावळ चालवणे हाही एक धंदा आहे हे बँकेच्या कागदावर प्रथम तेव्हा लिहिले गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाची कथा सर्वश्रुत आहे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. या संपात घर चालले ते बायकांच्या कमाईवर: धुणीभांडी, भाजीची पाटी, पापड-मसाला, घरी आणून केलेले बटणे लावण्याचे आणि धागे कातरण्याचे काम. गिरण्यांचे विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. ज्या वाइंडिंगवर एकेकाळी परळच्या बाईचा रोजगार होता, ते काम इचलकरंजी-भिवंडीत कांड्या भरण्याच्या रूपाने बायकांकडेच राहिले. मात्र तेथे ना युनियन, ना भत्ता, ना पाळणाघर. तयार कपड्यांची निर्यात १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत देशोदेशींच्या कोट्यांनी बांधलेली होती, आणि त्या कोट्यांच्या आत राहून स्वस्त माल पुरवायचा तर तो मोठ्या गिरणीपेक्षा लहान शेडमध्ये आणि घराघरांत शिवून घेणे परवडे. अंधेरीला १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आणि पुढे दागिन्यांच्या जुळणीसाठी तरुण मुली मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या. लहान नाजूक कामाला बाईचा हात चांगला, असे त्याचे कारण देण्यात येई. रीळखात्याविषयीही शंभर वर्षांपूर्वी हेच म्हणत.

कमला मिलच्या आवारात आता कार्यालये, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि उपाहारगृहे आहेत. फिनिक्सच्या जागी बाजार भरतो आणि तिचे धुराडे तेवढे राखले आहे. तेथे स्त्रिया पुन्हा मोठ्या संख्येने काम करतात: वरच्या मजल्यांवर परदेशातील घड्याळाशी जुळवून घेत, खाली दुकानांत दिवसभर उभ्या राहून, आणि सर्वांत अधिक साफसफाईच्या कंत्राटात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने, बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर, तिला रात्री कामावर ठेवण्याची मुभा दिली आहे. १९२१ ची बंदी परदेशात झालेल्या ठरावाने आली होती. ही मुभा परदेशी गिऱ्हाइकाच्या वेळापत्रकाने आणली. दोन्ही प्रसंगी काम करणाऱ्या बाईला कोणी फारसे विचारल्याचे दिसत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला तेव्हा कामगारांना त्यांपैकी काही जागेवर घरे द्यावयाचे ठरले, आणि त्यासाठी पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२ ही धरण्यात आली. त्या दिवशी वा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव असेल तो किंवा त्याचे वारस म्हाडाच्या सोडतीत अर्ज करू शकतात. अर्जदारांत विधवा पुष्कळ आहेत, आणि त्या अर्ज करतात तो नवऱ्याच्या नावावर. रीळखाते आणि वाइंडिंग यांतील बहुसंख्य बायका त्या तारखेच्या कितीतरी आधी पटावरून उतरल्या होत्या. त्यांच्या मुला-नातवांना आजीच्या नोकरीचा पुरावा म्हणून दाखवता येईल असा कागद असला तरी तो या हिशेबात चालत नाही. खानावळवालीचे नाव तर कोणत्याच गिरणीच्या पटावर कधी चढले नव्हते.